३४ च्या पुढे ब्रेक जात नसेल तर आधी एक वही घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडला चार वर्षं स्नूकर खेळतोयस, रोज संध्याकाळी दोन-तीन तास टेबलावर असतोस, सगळ्यात मोठा ब्रेक (एका पाळीत न हुकता केलेले गुण) ३४ आणि दीड वर्ष झालं तो तिथंच बसलाय. नवा क्यू (खेळायची काठी) घ्यावा, की पुण्याला जाऊन कोच लावावा, असं विचारलंस. काका म्हणालास म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नको.

क्यूचं शेवटी बघू. तुझं एक वाक्य मला फार ओळखीचं वाटलं: "अवघड पॉट जातात आणि सोपा रेड हुकतो." (पॉट म्हणजे बॉल पॉकेटात टाकणं, रेड म्हणजे लाल बॉल.) मी सहा वर्षं हेच रडगाणं गात होतो. परभणीला नोकरीत असताना माझा ब्रेक ४१ वर अडकला होता. दोष कधी क्यूच्या टोकाच्या टिपला, कधी टेबलाच्या कापडाला, कधी शेजारच्या टेबलावर कालवा करणाऱ्या पोरांना. पुढं बदली होऊन औरंगाबादला आलो (तेव्हा नाव तेच होतं). तिथल्या पार्लरमध्ये एक म्हातारे मार्कर होते. एकदा माझा रेड हुकला तेव्हा स्कोअर लिहिता लिहिता म्हणाले, "साब, ये अब्बी नै चुका. पीछे ब्लॅक मारे ना, वहींच चुक गया था." मला राग आला, कारण ब्लॅक (रेडनंतर एक रंगीत बॉल मारायचा असतो, तो काळा) तर मी झकास घेतला होता. घरी जाईपर्यंत राग उतरला आणि डोक्यात किडा शिरला.

मग वही घेतली. मुलाची अर्धी उरलेली शंभर पानी. ब्रेक संपला की दोनच गोष्टी टिपायच्या: काय हुकलं, आणि मारताना व्हाइट (क्यूनं मारायचा पांढरा बॉल) कुठं होता. बाकी काही नाही. महिनाभरानं पानं उलटून पाहिली तर निम्म्याहून जास्त नोंदी एकाच वळणाच्या. व्हाइट कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटलेला, किंवा रेडपासून चार-पाच फूट लांब, किंवा रेस्ट (हात पोचत नसेल तेव्हा क्यू टेकवायची काठी) घ्यावा लागेल अशा जागी. म्हणजे ज्याला मी सोपा रेड म्हणत होतो तो सोपा नव्हताच. आधीच्या शॉटला मीच तो अवघड करून ठेवत होतो.

आणि एक नोंद अशी होती जिनं मला खरं कोड्यात टाकलं: "व्हाइट जवळ, ब्लॅक एकदम सरळ, ब्लॅक गेला, पुढं काही नाही." आपल्याकडं सगळ्यांना सरळ पॉट हवा असतो. पॉट म्हणून तो सोपा, खरंय. पण सरळ पॉट मारल्यावर व्हाइट एकाच रेषेत राहतो: थांबेल, मागं येईल किंवा पुढं जाईल. बाजूला जाणार नाही. रेड असतात बाजूला. मग पोरं काय करतात, जोरात स्क्रू (व्हाइट खाली मारून त्याला मागं आणणारा फटका) मारून व्हाइट कुशनावर आपटून आणायला बघतात, आणि जोर लावला की ब्लॅकच पॉकेटच्या जबड्यात खडखडून बाहेर.

थोडा अँगल ठेवला की खेळ बदलतो. स्टन मारला, म्हणजे रेडला किंवा ब्लॅकला लागताना व्हाइट गरगरत नसून घसरत आला, तर तो पॉटच्या रेषेला काटकोनात निघतो. टॉप दिला (व्हाइट वरच्या बाजूला मारला) तर त्या काटकोनाच्या पुढं झुकतो, स्क्रू दिला तर मागं. एवढं एक डोक्यात बसलं की व्हाइट कुठं जाणार ते मारण्याआधी दिसायला लागतं. आता ब्लॅकचंच घे. कोपऱ्याच्या पॉकेटपासून ब्लॅकमधून जाणारी एक रेषा मनात ओढ. व्हाइट त्या रेषेच्या पिंककडच्या, म्हणजे टेबलाच्या मधल्या बाजूला राहिला, तर पॉट झाल्यावर तो ब्लॅकमागच्या कुशनाकडं जाईल. तिथून परत आणायचा म्हणजे जोराचा अंदाज अचूक पाहिजे. रेषेच्या कुशनाकडच्या बाजूला राहिला, तर साध्या स्टननं पिंककडं, रेडकडं वर येईल. दोन्ही ठिकाणांत फरक वीतभराचा असतो. ती वीत म्हणजेच ३४ आणि ५० मधलं अंतर आहे असं मला वाटतं.

हिशोबच कर ना. रेडचा एक, ब्लॅकचे सात, मिळून ८. सहा जोड्या झाल्या की ४८, सातवा रेड ४९, त्यावरचा ब्लॅक ५६. म्हणजे पहिल्या अर्धशतकाला सात रेड पुरतात, तेही सगळे एकाच कोपऱ्यात. टेबलभर हिंडायची गरजच नाही. तरी आपण हिंडतो, कारण व्हाइट आपल्याला हिंडवतो.

सरावाचं सांगतो. ब्लॅक त्याच्या स्पॉटवर (ठरलेल्या खुणेवर) ठेव, पिंक आणि ब्लॅकच्या मधल्या भागात सहा रेड सुटे मांड, व्हाइट हातानं हवा तिथं ठेवून सुरुवात कर. रेड, ब्लॅक, रेड, ब्लॅक. अट एकच: व्हाइटनं कुशनाला शिवायचं नाही. शिवला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मला तिसऱ्या रेडपलीकडं जाता आलं नाही, आणि तोवर मी स्वतःला पार्लरमधला चांगला खेळाडू समजत होतो! ही अट जोर कमी करायला शिकवते. आपल्या पोरांचा सगळ्यात मोठा रोग जोर हाच आहे. टाळ्या पडतात ना.

आता हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ते म्हणजे क्यू सरळ जाणं. त्याची परीक्षा जुनी आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच देत नाही. व्हाइट ब्राऊनच्या स्पॉटवर ठेव. ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटांवरून सरळ वर मार. तो मागच्या कुशनाला लागून त्याच स्पॉटांवरून परत तुझ्या टिपेला येऊन लागला पाहिजे. जाताना सरळ गेला आणि येताना उजवीकडं सरकला, तर तू नकळत उजवी साईड देतोयस, म्हणजे व्हाइट मधोमध न मारता उजवीकडं मारतोयस. डावीकडं आला तर डावी. जातानाच स्पॉट सोडून गेला, तर तुझं उभं राहणं किंवा नेम धरणं वाकडं आहे. माझा व्हाइट चार बोटं उजवीकडं यायचा. मला वाटायचं मी मधोमध मारतोय! मोबाईल मागच्या खुर्चीवर टेकवून शूटिंग केलं तेव्हा दिसलं की शेवटच्या क्षणी मी डोकं उचलतोय, पॉट बघायच्या घाईनं, आणि खांदा सोबत फिरतोय. क्यू मागं नेल्यावर एक क्षण थांबायची सवय लावली आणि बॉल पॉकेटात पडेपर्यंत हनुवटी क्यूवरून उचलायची नाही असं ठरवलं. दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत माझा खेळ आणखी बिघडला होता हेही सांगून ठेवतो, नाहीतर तू आठवड्यात सोडून देशील.

हनुवटीच्या बरोबर मधोमधच क्यू पाहिजे असा हट्ट मात्र धरू नको. १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा जगज्जेता झालेल्या जो डेव्हिसचा उजवा डोळा कमजोर होता, तो क्यू डाव्या डोळ्याखाली धरायचा. तुझा कुठला डोळा जोरावर आहे ते बघ आणि क्यू तिकडं सरकू दे.

सेफ्टीबद्दल (समोरच्याला सोपा पॉट न ठेवणारा फटका) फार लिहीत नाही. आपल्याकडं सेफ्टी खेळणाऱ्याला "रडका गेम" म्हणून हिणवतात, म्हणून कुणी शिकत नाही. तू एवढंच कर: दहातून सात वेळा जाईल असं वाटत नसेल तो लाँग पॉट सोड, रेडला पातळ (कडेला हलकंच) लाव आणि व्हाइट बॉल्क कुशनाजवळ, म्हणजे ब्लॅकच्या विरुद्ध टोकाला, नेऊन ठेव. समोरचा कंटाळून तिथून लाँग पॉट मारतोच, आणि हुकला की तुला जवळचे रेड मिळतात. तुझ्या ब्रेकची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होईल.

आता वेळ. रोज दोन-तीन तास फ्रेम (डाव) खेळतोस, त्यातही हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे द्यायचे. खिशाची भीती असली की माणूस नवं काही करून बघत नाही, जे येतं तेच मारत राहतो. आठवड्यातून तीन दिवस सकाळी जा. सकाळी टेबलं रिकामी असतात, मालकाशी बोललास तर एकट्याच्या सरावाला भाडं कमी करतो; माझ्या मालकानं केलं होतं, बदल्यात टेबलावर ब्रश मारायचं काम माझ्याकडं. पाऊण तास एकटा पुरे. त्याहून जास्त एकट्यानं लक्ष टिकत नाही. बाकीच्या दिवशी फ्रेम खेळ, पण तुझ्याहून चांगल्यासोबत, २० ची स्टार्ट (सुरुवातीलाच २० गुण) घेऊन. ज्यांना रोज हरवतोस त्यांच्यासोबत चहा पी.

टेबलाला ब्रश मारताना एक गोष्ट शिकलो ती सांगतो. कापडाला लव असते, तिची दिशा बॉल्ककडून ब्लॅककडं. ब्रश नेहमी त्याच दिशेनं. मधल्या पॉकेटात बॉल हळू सोडलास तर तो लवेसोबत ब्लॅककडं किंचित सरकतो, म्हणून नेम बॉल्ककडच्या कोपऱ्याच्या जरा जवळ धरायचा. पावसाळ्यात दमट हवेनं कापड जड होतं, मे महिन्यात तेच टेबल पळायला लागतं. खेळ सुरू करण्याआधी व्हाइट दोन-चार वेळा वर-खाली सोडून चाल बघत जा.

मॅच बघायची पण पद्धत आहे. पंकज अडवाणीची मॅच लाव, शॉटच्या आधी पॉज कर आणि व्हाइट कुठं थांबेल तिथं बोट ठेव. मग सुरू कर. पॉट बघूच नको. जन्मानं पुण्याचा हा माणूस २००३ मध्ये अठराव्या वर्षी हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला, आणि बिलियर्ड्सवरही त्याची तेवढीच हुकमत. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल, त्यामुळं व्हाइट कुठं जातो याशिवाय दुसरं काही बघायलाच नसतं. नांदेडात कुणी जुने बिलियर्ड्सवाले काका असतील तर त्यांना पकड, हाफ-बॉल इन-ऑफ (दुसऱ्या बॉलला अर्धा लागून व्हाइट स्वतः पॉकेटात जाणं) शिक. स्नूकर जन्मलं आपल्याच देशात, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, आणि आपल्या गावांत अजून पार्लर म्हटलं की घरचे "टवाळ पोरांचा अड्डा" म्हणतात. तुझ्याही घरी म्हणत असतील. वही दाखव त्यांना, अभ्यासासारखी दिसते!

क्यू. पार्लरचे क्यू काठीसारखे असतात, टिप कधी कडक तर कधी छत्रीसारखी पसरलेली, त्यामुळं स्वतःचा असावाच. अ‍ॅश लाकडाचा, ५७-५८ इंची, साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास टिप, टेबलावर लोळवल्यावर न डुगडुगणारा. नक्षीला पैसे घालू नको. पण तो घेतल्यानं ३४ चे ५० होणार नाहीत. रोज तोच क्यू हातात असल्यानं चूक तुझी की लाकडाची, एवढं कळेल. कोचचंही तसंच. जा, पण दोन महिन्यांची वही घेऊन जा, म्हणजे त्याचा पहिला तास तुझा खेळ ओळखण्यात जाणार नाही.

आणि मे महिन्यात क्यू गाडीत ठेवू नको. परभणीत एका भर दुपारी मी बँकेत तासभर थांबलो तेवढ्यात माझ्या पहिल्या क्यूची कमान झाली होती. तो अजून घरी आहे, बायको माळ्यावरची जळमटं काढते त्यानं.