डॉस ६.२२ मध्ये जुना सीडी-रॉम ड्राइव्ह दिसत नाही, ड्रायव्हर कसा लावू?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरचं ४८६ मशीन, ड्राइव्हचा दिवा लागतो पण 'ई:' म्हटलं की डॉस हात वर करतो, असं तुम्ही लिहिलंय. डॉसला दोन ओळी लागतात, एक ड्रायव्हर चढवायला आणि दुसरी ड्राइव्हला अक्षर द्यायला; बरेच जण एकच घालतात.

मशीन सुरू होताना डॉस वाचतो त्या कॉन्फिग.सिस फाइलीत (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत):
डिव्हाइस=सी:\ओकसीडीरॉम.सिस /डी:एमएससीडी००१
लास्टड्राइव्ह=झेड

त्यानंतर चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट फाइलीत:
सी:\डॉस\एमएससीडीईएक्स.ईएक्सई /डी:एमएससीडी००१ /एल:ई

'/डी:' पुढचं नाव दोन्हीकडे तंतोतंत एकच हवं. शून्याच्या जागी 'ओ' पडला तरी गाडी अडते. ओकसीडीरॉम विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीवर मिळेल, एमएससीडीईएक्स डॉससोबतच येतं. स्मार्टड्राइव्ह (वाचलेला डेटा मेमरीत साठवून, म्हणजे कॅशे करून, वेग वाढवणारा डॉसचा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याची ओळ एमएससीडीईएक्सच्या खाली ठेवा, म्हणजे सीडीलाही कॅशे मिळते.

आता खरी मेख. ओकसीडीरॉम फक्त आयडीई, म्हणजे एटीएपीआय ड्राइव्हसाठी आहे; हा ड्राइव्ह जोडायचा सर्वसाधारण प्रकार. तुमच्या ड्राइव्हची पट्टीसारखी केबल साउंड कार्डला जात असेल, तर तो पॅनासॉनिक, मित्सुमी किंवा सोनीच्या स्वतंत्र इंटरफेसचा असू शकतो. मग त्याच कार्डाची ड्रायव्हर फ्लॉपी शोधावी लागेल. म्हणून आधी डबा उघडून केबल बघा, फाइली नंतर.