बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल व्यवस्थापन खेळामध्ये अष्टपैलू सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) घडवताना आधी काय शिकवावे?
अठरा वर्षांच्या उंच सेंटरचे प्रशिक्षण कोठून सुरू करावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू पकडणे) आणि इनसाइड शॉट (बास्केटजवळून फेक) यांची घाई करू नये. उंच खेळाडू ही कौशल्ये लवकर शिकतो. पासिंग, हँडलिंग (चेंडू हाताळणे) मात्र त्याच्या अंगी सावकाश मुरतात, आणि वय वाढले की सर्वांचाच शिकण्याचा वेग मंदावत असल्याने अवघड ते कोवळ्या वयातच उरकावे. त्यासाठी त्याला पॉइंट गार्डच्या (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या खेळाडूच्या) जागी आठवड्याला 48 मिनिटे खेळवावे लागते, आणि सात फुटी पोराने चेंडू गमावल्यामुळे एखाददुसरा सामना हातचा जाणार, हेही गृहीत धरावे. सेंटरचा पगार मुख्यतः आतल्या खेळाच्या कौशल्यांवर ठरतो, त्यामुळे ती शेवटी वाढवणे खिशालाही परवडते.