इंजिन ट्यून केलं तर गाडी विकताना किंमत पडते का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: चार वर्षं जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, वॉरंटीचं एक वर्ष उरलंय, दोन-तीन वर्षांनी गाडी विकायची आहे. तोवर स्टेज वन रीमॅप (इंजिनचं नुसतं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घ्यावा की डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पाइप) आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा पार्ट) घालून थेट स्टेज टूला जावं, आणि यात घातलेला पैसा विकताना वसूल होईल का?

वसुलीचं आधी सांगतो. होणार नाही. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, गिऱ्हाईक ते अक्षरशः खरं धरतं. इंजिनवरचा खर्च सहलीच्या खर्चासारखा समजा: मजा आली, फोटो राहिले, पैसे गेले. एवढं मनाशी पक्कं असेल तर प्रश्न उरतो तो गाडीच्या मूळ किमतीचा. ती किती खाली येईल हे मात्र बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे.

मी हे भोगून बसलोय. माझी आधीची गाडी तुमच्यासारखीच छोटी टर्बो. स्टेज टू, मोठा इंटरकूलर, डाउनपाइप, इनटेक, सगळं केलं होतं. विकायला काढली तेव्हा जाहिरातीत मोठ्या अभिमानाने यादी दिली, डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद जोडला, एकूणएक बिल तयार ठेवलं. फोन भरपूर आले. निम्मे "किती पळते?" विचारणारे, त्यांना फुकटात एक चक्कर मारायची होती. उरलेल्यांकडे पैसे होते, पण ते एकच विचारायचे: "इंजिन खोललंय का?" मी सांगायचो, इंजिनला हात लावलेला नाही, बाहेरचेच पार्ट बदललेत. "बरं, बघतो, कळवतो." कळवलं कोणीच नाही. जे एक-दोघं भावापर्यंत आले त्यांनी असा आकडा सांगितला की मीच फोन ठेवला.

तीन महिन्यांनी कंटाळून सगळं उतरवलं, कंपनीचे पार्ट परत चढवले, मूळ सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि नवी जाहिरात दिली. त्यात एक ओळ मुद्दाम घातली: गाडी आधी ट्यून केलेली होती, आता मूळ स्थितीत आहे, बिलं बघायला मिळतील. पंधरा दिवसांत गेली. तेवढ्याच वयाच्या, कोणी हात न लावलेल्या गाडीपेक्षा किंमत थोडी कमी आली, पण आधीच्या आकड्यांच्या मानाने खूपच बरी. काढलेले पार्ट सुटे विकले, त्यांचे निम्म्याहून थोडे कमी पैसे सुटले. गाडीवर असताना त्याच पार्टांकडे बोट दाखवून लोक भाव पाडत होते!

याचं कारण समजलं की राग येत नाही. सेकंडहँड घेणारा गाडीचा भूतकाळ विकत घेत असतो आणि तो त्याला दिसत नसतो. म्हणून तो खुणा शोधतो. मोठा एक्झॉस्ट दिसला की त्याच्या मनात येतं, ज्याने पैसे मोजून ताकद वाढवली तो काय ती कपाटात ठेवणार होता? थंड इंजिन रगडलं असेल, प्रत्येक सिग्नलवर क्लच जाळला असेल. तुम्ही ऑइल वेळेआधी बदलत असाल, लांबच्या प्रवासानंतर टर्बो थंड व्हायला मिनिटभर देत असाल. पण तुमची जाहिरात आणि गाडी पिळून काढणाऱ्याची जाहिरात शेजारी ठेवली तर दोन्हीत फरक दिसत नाही. मग दोघांनाही एकच भाव मिळतो, आणि तो पिळणाऱ्याच्या लायकीचा असतो.

बरं, तो संशय अगदीच बिनबुडाचा असतो असंही नाही. कंपनी इंजिनात जी ताकद राखून ठेवते ती आळसाने ठेवलेली नसते. हलक्या प्रतीचं पेट्रोल, प्रचंड उष्मा, उंचावरची विरळ हवा, टाळलेली सर्व्हिस, हे सगळं झेलून इंजिन टिकावं यासाठीचा तो साठा असतो. टर्बो पेट्रोलचा रीमॅप बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवून आणि इग्निशन थोडं आधी आणून साधारण वीस ते तीस टक्के टॉर्क (इंजिनचं खेचण्याचं बळ) वाढवतो तो याच साठ्यातून. (बिगरटर्बो इंजिनात वाढवायला बूस्टच नसतो, म्हणून नुसत्या रीमॅपने मिळणारा फरक इतका किरकोळ असतो की त्यासाठी रीसेलची किंमत पणाला लावणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो.)

साठा वापरून टाकला की चूक झाकायला काही उरत नाही. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला जबर बूस्ट दिला तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. याला एलएसपीआय म्हणतात. वाईट झटका बसला तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते आणि मग इंजिन खरंच खोलावं लागतं. कंपनीच्या ट्यूनमध्येसुद्धा हा त्रास होता, म्हणून तर २०१८ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि नंतर २०२० च्या एसपी या ऑइलच्या दर्जांत त्याची वेगळी चाचणी आली. ट्यून करणारा तुम्हाला वरच्या आरपीएमची हॉर्सपॉवर दाखवेल. तुम्ही त्याला विचारा, दोन हजारावर टॉर्क किती देणार? या प्रश्नावर जो "अहो, रॉकेट होईल गाडी" म्हणतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

इंजिन वाचलं तरी गिअरबॉक्स आहेच. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीक्यू२०० घ्या. त्याची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटनमीटर. त्याच समूहाची १.४ आणि १.५ लिटरची १५० पीएसची इंजिनं कारखान्यातूनच २५० घेऊन येतात. म्हणजे कागदावर जागा शून्य, आणि तरी लोक त्यावर स्टेज वन करून मोकळे होतात. सहा गिअरच्या, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या डीक्यू२५० ची मर्यादा ३५०, तिथे थोडा श्वास घ्यायला जागा मिळते. मॅन्युअल असेल तर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. आरपीएम उडी मारतो आणि वेग मागे राहतो, म्हणजे क्लच स्लिप होतोय. गाडी घ्यायला आलेला जाणकार मेकॅनिक टेस्ट ड्राइव्हला पहिल्यांदा हेच करतो.

आता ट्यूनर हमखास देतो तो दिलासा: "विकताना स्टॉक मॅप (मूळ सॉफ्टवेअर) टाकून देऊ, कोणाला कळणार नाही." कळतं. अनेक ईसीयूंमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकांमध्ये) सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते. सॉफ्टवेअरचा सीव्हीएन नावाचा पडताळणी क्रमांक मूळ क्रमांकाशी जुळला नाही तर रीमॅप चढलेला आहे हे साध्या स्कॅनरवर दिसू शकतं. फोक्सवॅगन-ऑडीच्या सर्व्हिस सिस्टीममध्ये तर अशा गाडीवर 'टीडी१' असा शेरा पडतो आणि तो गाडीबरोबर फिरतो. नंतर मॅप बदलला म्हणून तो पुसला जात नाही. शिवाय विकायच्या आदल्या दिवशी एरर कोड पुसले असतील तर ओबीडीच्या (गाडीतल्या अंगभूत तपासणी यंत्रणेच्या) स्वयंचाचण्या 'अपूर्ण' दाखवतात, हुशार गिऱ्हाईक तिथेच सावध होतं. आणि हे सगळं सोडा, हीट शील्डचे गंजलेले बोल्ट आणि त्यांच्यामध्ये चमकणारे दोन नवे बोल्ट, एवढं बघूनही कळतं.

विचारल्यावर खोटं बोलून विकणं मला पटत नाही आणि त्यात शहाणपणही नाही. नंतर इंजिन गेलं तर तो माणूस तुमच्याच दारात उभा राहणार. विम्याचंही तसंच. ताकद वाढवलेली गाडी विमा कंपनीला न कळवता चालवली तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं, आणि मग रीसेलचा हिशेब करायला गाडीच उरत नाही.

"पण ट्यून केलेल्या काही गाड्या तर सोन्याच्या भावाने जातात," असं कोणी ना कोणी म्हणणारच. जातात, पण तिथे नावाला भाव असतो. एएमजी १९६७ मध्ये मर्सिडीजची इंजिनं सुधारणारी स्वतंत्र कार्यशाळा म्हणूनच सुरू झाली, अल्पिनाने बीएमडब्ल्यूच्या गाड्यांवर काम करत करत १९८३ मध्ये जर्मनीत स्वतंत्र उत्पादकाचा दर्जा मिळवला. त्यांच्या कामामागे कागद, क्रमांक आणि दशकांची ख्याती आहे. तुमच्या आमच्या गॅरेजमधल्या रीमॅपमागे एक पेन ड्राइव्ह आहे. उलट उदाहरण टोयोटा सुप्राच्या ए८० पिढीचं. तिचं टूजेझेड इंजिन कितीही बूस्ट सोसतं अशी ख्याती झाली, म्हणून लोकांनी जी सापडेल ती सुप्रा ट्यून केली. परिणाम असा की आज ज्या मूठभर कोणी हात न लावता राहिल्या, त्यांच्यावरच संग्राहकांच्या उड्या पडतात.

मधला एक रस्ता आहे, तो तुमच्या मॉडेलला उपलब्ध आहे का बघा: कंपनीनेच मान्यता दिलेला अपग्रेड. व्होल्वोसाठी पोलस्टारचं सॉफ्टवेअर डीलरकडे बसवून मिळायचं आणि कारखान्याची वॉरंटी तशीच चालू राहायची. फोर्डच्या काही गाड्यांसाठी माउंटयूनच्या किटचंही असंच होतं. ताकद कमी वाढते, खर्च जास्त होतो, पण सर्व्हिस बुकात अधिकृत नोंद होते आणि गिऱ्हाईक त्या नोंदीला घाबरत नाही.

सुट्या पार्टांबद्दल माझं मत. इंटरकूलर हा त्यातला सर्वांत सज्जन पार्ट, इंजिनवर ताण न टाकता मदत करतो. टर्बोतून निघालेली हवा दहा अंशांनी थंड केली तर ती साधारण तीन टक्के दाट होते, आणि नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटण्याचा) धोका कमी होतो तो वेगळाच. उघडा कोन फिल्टर लावून 'कोल्ड एअर इनटेक' म्हणणं हा विनोद आहे, कारण बहुतेक वेळा तो बॉनेटखालची गरम हवाच ओढतो. वाढतो तो आवाज. मीही लावला होता, आवाज मस्त यायचा, नाकारत नाही. कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला डाउनपाइप मात्र अजिबात नको. बहुतेक देशांत रस्त्यावर तो बेकायदा आहे, उत्सर्जन चाचणीत गाडी अडकते, आणि विकताना नेमका मूळ डाउनपाइप कुठे टाकला ते आठवत नाही. मोठा टर्बो, फोर्ज केलेले पिस्टन वगैरे केलं तर ती गाडी मग तुमच्याचसारख्या दुसऱ्या वेड्यालाच विकता येते, आणि तो वेडा सहसा स्वतःची गाडी स्वतःच बनवत असतो. टायर आणि ब्रेक पॅड चांगले घातले तर त्याचा विकताना कधीच तोटा होत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकला वाढीव टॉर्क रस्त्यावर उतरवायला चांगले टायर लागणारच आहेत, म्हणून सुरुवात तिथून करा.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. वॉरंटीचं उरलेलं वर्ष जाऊ देईन. त्या वर्षात टायर, ब्रेक, नवे स्पार्क प्लग आणि वेळच्या वेळी ऑइल. वर्ष संपताना कंप्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची चाचणी) करून आकडे लिहून ठेवीन आणि डायनोवर मूळ ताकद मोजून घेईन. डायनो चाकांवरची ताकद मोजतो, ती ब्रोशरपेक्षा दहा-पंधरा टक्के कमीच दिसते, त्यामुळे आधीचं मोजमाप नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. मग स्टेज वन, तोही खालच्या आरपीएमला टॉर्क आवरलेला, आणि मूळ फाइल ट्यूनरकडून स्वतःच्या ताब्यात घेतलेली. स्टेज टू नाही. दोन वर्षांच्या वापरासाठी डाउनपाइप चढवायचा, उतरवायचा, त्यात गंजलेला एखादा स्टड तुटायचा, कशाला? जो पार्ट काढाल तो बोल्टांसकट खोक्यात, खोक्यावर तारीख. विकायच्या महिनाभर आधी सगळं मूळ स्थितीत आणून गाडी रोज चालवीन, म्हणजे ओबीडीच्या चाचण्या आपोआप पूर्ण होतील. कंप्रेशनचे नवे आकडे जुन्यांशेजारी ठेवीन. "इंजिन खोललंय का?" असं विचारणाऱ्यासमोर डायनोच्या कागदापेक्षा हे चार आकडे जास्त चालतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही: गाडी मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचा कोड आणि कंपनीने दिलेला टॉर्कचा आकडा सांगा. तो जर डीक्यू२०० निघाला आणि इंजिन आधीच २५० देत असेल, तर माझं स्टेज वनबद्दलचं मतही बदलेल.