गवत मोजायला पदवी कशाला?

तुमच्या पत्राचा गाभा असा: मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. बंद खाणीच्या ओबी डंपवर, म्हणजे खनिजावरची माती-दगड काढून रचलेल्या ढिगाऱ्यावर, लावलेली झाडं-गवत कशी वाढतायत हे मोजण्याचा महिनाभराचा प्रकल्प करून आली आणि आता म्हणते, पुढे हेच करायचं. तुम्ही विचारता, ‘हल्ली उपग्रहावरून सगळं दिसतं. मग गवत मोजत फिरायला माणूस कशाला? त्यापेक्षा तिनं ड्रोनचा कोर्स केलेला काय वाईट?’

ड्रोनचा कोर्स वाईट नाही, जरूर करू दे. पण वनस्पतिशास्त्र सोडून तो करणार असेल, तर माझं मत विरुद्ध पडेल.

उपग्रहाला काय दिसतं ते आधी बघू. जोमदार पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या फरकावरून एनडीव्हीआय नावाचा आकडा निघतो. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर लांब-रुंद असतो, लँडसॅटचा ३० मीटर. म्हणजे लँडसॅटच्या एका ठिपक्यात ९०० चौरस मीटर जागा येते. तिथे हिरवळ किती, हे कळतं. पण ती लावलेल्या रोपांची आहे की माजलेल्या तणाची, हे नुसत्या त्या आकड्यावरून कळत नाही. तण तर पावसाळ्यात फारच देखणं दिसतं!

हिरवं दिसलं म्हणजे काम झालं, ही चूक मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. अमेरिकेत १९७७ साली खाणजमीन पूर्ववत करण्याचा कायदा आला. धूप थांबावी म्हणून ॲपलाचियन डोंगरांतल्या कोळसा खाणींवर जमीन यंत्रांनी दाबून घट्ट केली गेली आणि वर झपाट्यानं पसरणारी गवतं पेरली गेली. कागदावर सगळं हिरवंगार. झाडं मात्र वाढेनात, कारण मुळांना खाली जायला वाट नव्हती आणि वरचं पाणी आणि ऊन गवतच खाऊन टाकत होतं. पुढे तिथल्या वनतज्ज्ञांनी सांगितलं, निदान चार फूट माती सैल ठेवा आणि गवत कमी आक्रमक निवडा. हे शहाणपण जमिनीवर जाऊन, मुळं उकरून बघणाऱ्यांमुळे आलं.

तुमच्या मुलीनं महिनाभर काय केलं असेल, याचा मला अंदाज आहे. एक मीटरची चौकट जमिनीवर टाकायची, गुडघे टेकायचे आणि आत काय काय आहे ते लिहायचं. उघडी माती किती, दगड किती, वाळका पालापाचोळा किती. एकाच चौकटीत एक जण ४० टक्के हिरवं लिहितो, दुसरा ६०, म्हणून सळई सरळ खाली सोडून ती कशाला टेकते ते शंभर वेळा नोंदवायचं. मग दोन पानांचं, नखाएवढं रोप दिसतं. ते लावलेलं नाही, कारण ओळीत नाही. आपोआप उगवलंय. कुठल्या झाडाचं? हे ओळखणारी माणसं मोजकी आहेत, आणि माझ्या मते तुमच्या मुलीची खरी किंमत तिथे आहे. लावलेलं झाड जगणं ही पहिली पायरी, त्याच्या बियांपासून पुढची पिढी उगवणं हा खरा निकाल.

आता पोटापाण्याचं. खाण कंपन्यांचे पर्यावरण विभाग, त्यांना अहवाल करून देणाऱ्या सल्लागार संस्था, नियामक कार्यालयं आणि संशोधन प्रकल्प हे चार मुख्य दरवाजे. काम टिकाऊ का, तर देखरेख वर्षानुवर्षं चालते. वर सांगितलेल्या अमेरिकी कायद्यात पेरणी-खत-पाण्याचा शेवटचा हात फिरल्यानंतर कंपनीची जबाबदारी ५ वर्षं राहते, आणि वार्षिक पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी असेल तर १० वर्षं. तोवर कंपनीच्या अनामत रकमेचा काही भाग अडकलेला असतो. म्हणून अहवालाला वजन आहे, आणि म्हणूनच ‘जरा बरं लिहा’ असा दबावही येतो. तिला तो पेलावा लागेल.

गैरसोयीही सांगतो. उघड्या ढिगाऱ्यावर सावली नसते. हेल्मेट, जाड बूट, दिवसभर चढउतार. सुरुवातीला कामं बहुधा हंगामी कंत्राटाची, घरापासून लांब.

अभ्यासाचं म्हणाल तर एमएस्सीला परिसंस्थाशास्त्र किंवा वनस्पती वर्गीकरण घ्यावं, सोबत संख्याशास्त्र पक्कं करावं. किती चौकटी टाकल्या म्हणजे निष्कर्ष धरायचा, हे त्याशिवाय सांगता येत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घरी शिकता येईल. मातीचा सामू (पीएच), घट्टपणा मोजायला यायला हवं. गंधकयुक्त खनिजांचे खडक उघडे पडले की माती आम्लधर्मी होते आणि रोपं का मेली ते पानांवरून कळत नाही. गवतं ओळखणं सगळ्यांत किचकट, ते आधी सुरू करावं.

तिची हौस किती खरी हे पाहायचं असेल, तर कुठल्याही उकरलेल्या, भर टाकलेल्या जागेवर चार चौकटी खुंट्या ठोकून कायम करायला सांगा. दर पंधरा दिवसांनी नोंद, सहा महिने. वही भरली की मला पाठवा, मग कुठे प्रवेश घ्यायचा ते ठरवू.