बर्फशिल्प स्पर्धेच्या तयारीत स्वयंसेवकाचे काम काय?

प्रश्न : बर्फशिल्पांच्या एका स्पर्धेच्या तयारीसाठी मी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवले आहे. स्पर्धेच्या आठवडाभर आधीपासून कामाला यावे, असे आयोजकांनी कळवले आहे. मी शिल्पकला शिकलेली नाही, करवत किंवा छिन्नी कधी हातात धरलेली नाही. माझ्यासारखीचा तेथे खरोखर काही उपयोग होईल, की केवळ ओझी उचलण्यासाठीच माणसे बोलावली जातात? शिल्पकारांचे काम जवळून पाहायला मिळेल का? कोणती काळजी घ्यावी आणि कोणते काम मागून घ्यावे?

उत्तर : उपयोग निश्चित होईल, आणि ओझी उचलणे हा त्या कामाचा एक लहानसा भाग असेल. स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांना शिल्पकाराचे कसब दिसते. परंतु ज्या लादीतून ते शिल्प घडते ती आतून अखंड, नितळ आणि योग्य तापमानाची असणे हे सर्वस्वी तयारी करणाऱ्यांच्या हाती असते. लादीच्या पोटात एखादा तडा लपून राहिला, तर पक्ष्याचा पंख किंवा माणसाची बोटे कोरण्याची वेळ येते तेव्हा तो नेमका तेथे दगा देतो आणि स्पर्धकाच्या कित्येक तासांच्या मेहनतीवर पाणी फिरते. म्हणून, माझ्या मते, या आठवड्यात आपले मुख्य काम बर्फ सांभाळण्याचे आहे, आणि बाकीची सारी कामे त्याच्या मागून येतात.

स्पर्धेचा बर्फ कोठून येतो हे आधी समजून घ्यावे. चीनमधील हार्बिन येथे सोंगहुआ नदी गोठली की तिच्यातून मोठे ठोकळे कापून काढतात. अलास्कातील फेअरबँक्स येथील जागतिक स्पर्धेसाठी तळ्यातील बर्फ वापरला जात आला आहे. तळ्याचे पाणी वरून खाली, एकाच दिशेने आणि सावकाश गोठते. त्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार खालच्या पाण्यात ढकलले जातात आणि वरचा बर्फ पारदर्शक होतो. तळ्यावर हिम साचून राहिले तर थंडी खाली पोहोचत नाही आणि थर जाड होत नाही, म्हणून स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून ते वारंवार बाजूला सारावे लागते. जेथे तळी गोठत नाहीत तेथे खास यंत्रात लाद्या तयार करतात. त्यात तळाकडून थंडावा दिला जातो आणि वरचे पाणी लहानशा पंपाने सतत हलते ठेवले जाते, जेणेकरून हवेचे बुडबुडे बर्फात अडकू नयेत. अशी एक लादी तयार व्हायला साधारण तीन दिवस लागतात. कारखान्यातली साधी लादी मात्र सर्व बाजूंनी एकदम गोठत जाते, हवा मध्यभागी कोंडली जाते आणि तेथे पांढरा पट्टा राहतो.

वजनाचा अंदाज नसल्यामुळे नवखी माणसे येथे हमखास फसतात. एक घनमीटर बर्फाचे वजन सुमारे 917 किलो भरते. म्हणजे एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि पाव मीटर जाड अशी दिसायला बेताची लादीही सुमारे 115 किलोची असते. ती माणसांनी उचलायची नसते. पट्टे, हातगाडी, पॅलेट ट्रक यांच्या साहाय्याने हलवायची असते. लादी कधीही कोपऱ्यावर टेकवू नये, ओल्या फरशीवर थेट ठेवू नये, खाली लाकडी पट्ट्या द्याव्यात आणि घसरणाऱ्या लादीला हाताने किंवा पायाने अडवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

सर्वांत नाजूक टप्पा त्यानंतरचा आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही थंड शीतगृहातून काढलेली लादी लगेच कोरायला देता येत नाही. उबदार हवेत आल्याबरोबर तिचा पृष्ठभाग प्रसरण पावू लागतो, गाभा मात्र अजून थंड आणि आकसलेलाच असतो, आणि या ओढाताणीत लादी तडकते. थंडगार काचेच्या पेल्यात उकळते पाणी ओतल्यावर जे होते तेच येथे होते. नुकत्याच काढलेल्या लादीवर पांढरट दंव साचलेले असते, ओला हातमोजा तिला चिकटून बसतो, आणि छिन्नी मारली तर कपच्या भलत्याच दिशेने उडतात. लादी शून्याच्या जवळपास येईपर्यंत तिला निवांत राहू द्यावे लागते. मग दंव विरते, पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर चमकू लागतो, आणि लादीच्या पलीकडे धरलेल्या हाताची बोटे स्पष्ट दिसतात. तेव्हा ती कोरण्याजोगी झाली असे समजावे. यास किती तास लागतील हे लादीची जाडी आणि खोलीचे तापमान यांवर अवलंबून असते. घाई झाली म्हणून तिच्यावर कोमट पाणी ओतणे किंवा गरम हवेचा पंखा लावणे म्हणजे तडा ओढवून घेणेच होय. प्रत्येक लादीला क्रमांक देऊन ती बाहेर काढल्याची वेळ, खोलीचे तापमान आणि दिसलेले दोष एका वहीत नोंदवणारा स्वयंसेवक आयोजकांना फार मोलाचा वाटतो, आणि हे काम करण्यासाठी छिन्नी धरता यावी लागत नाही.

उन्हाबद्दलही सावध राहावे. हवा गोठणबिंदूच्या खाली असली तरी सूर्याची उष्णता बर्फाच्या आत शिरते आणि लादी पोटातून वितळू लागते. आत सहा पाकळ्यांच्या सूक्ष्म आकृत्या उमटतात. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने 1858 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. सुटी आकृती पाहायला सुंदर असते, पण त्या दाट झाल्या की लादी धूसर होते आणि गेलेली पारदर्शकता परत आणता येत नाही. त्यामुळे उघड्यावर ठेवलेल्या लाद्यांवर पांढरे आच्छादन घालणे आणि ऊन फिरेल तसे पडदे सरकवणे हे काम दिवसभर चालू ठेवावे लागते.

मैदानावरची तयारी थोडक्यात सांगतो. प्रत्येक स्पर्धकाचा ओटा समपातळीत असावा लागतो, कारण उंच शिल्प किंचित कलले तरी धोका वाढतो. विजेच्या तारा पाण्यातून जाऊ नयेत, प्रत्येक जोडणीवर गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी असावा, आणि तो चालतो की नाही हे स्पर्धेपूर्वी तपासून घ्यावे. साखळी करवतीतील यांत्रिक तेल बर्फावर डाग पाडते, म्हणून तेथे बहुधा खाण्याचे तेल वापरतात. ते आधीच आणून ठेवलेले बरे.

शिल्पकारांचे काम जवळून पाहायला मिळेल का, असे आपण विचारले आहे. मिळेल, आणि प्रेक्षकांपेक्षा कितीतरी जवळून. करवतीखाली पडणारा बर्फाचा भुगा वेळीच उचलला नाही तर तो पुन्हा गोठून ओट्याला घट्ट बसतो आणि पायाखाली घसरडे होते. तो काढण्यासाठी स्वयंसेवक स्पर्धकांच्या आसपासच असतात. मात्र शिल्पाला हात लावायचा नाही, एकाला दिलेली मदत दुसऱ्याला नाकारायची नाही, आणि कोणाचा आराखडा काय आहे हे दुसऱ्या संघाजवळ बोलायचे नाही, हे पथ्य काटेकोरपणे पाळावे. चालू करवतीच्या आवाक्यात जाऊ नये आणि पाठीमागून अचानक हाक मारू नये.

कपड्यांत सुती थर अंगालगत नको, कारण तो ओला झाला की वाळत नाही आणि शरीराची ऊब शोषून घेतो; लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घालावेत. हातमोज्यांचे दोन-तीन कोरडे जोड जवळ ठेवावेत, बुटांना बर्फावर पकड देणारे खिळ्यांचे पट्टे लावावेत. बोटे किंवा कान बधिर होऊन पांढरट दिसू लागले तर त्यांना चोळू नये, त्यांवर हिम लावू नये. ताबडतोब उबदार जागेत जाऊन कोमट, गरम नव्हे, अशा पाण्याने ऊब द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

कोणते काम मागावे, याबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी लाद्यांची नोंद आणि आच्छादन हे काम मागून घ्यावे. त्यात ताकदीपेक्षा लक्ष लागते, बर्फ कसा वागतो हे त्यात जितके कळते तितके इतर कोणत्याही कामात कळत नाही, आणि लादीत कोठे दोष आहे हे विचारायला शिल्पकार आपल्याकडेच येतात.

प्रश्न : मोठ्या शिल्पात अनेक ठोकळे एकमेकांना जोडलेले असतात. ते गोंदाने चिकटवतात का?

उत्तर : नाही, पाण्यानेच. दोन्ही पृष्ठभाग आधी पूर्ण सपाट करून घेतात. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे जाड पत्रे वापरतात. असा पत्रा बर्फावर ठेवला की उंचवटे वितळून पृष्ठभाग एकसारखा होतो. मग दोन्ही तोंडे जुळवून फटीत थंड, स्वच्छ पाणी किंवा पाणी आणि बर्फाच्या भुग्याचे मिश्रण भरतात आणि ते गोठू देतात. जोड नीट झाला तर तो दिसतही नाही. ठोकळे पुरेसे थंड नसतील तर पाणी गोठत नाही आणि जोड घसरतो. फटीत कोरडा भुगा वा हवा राहिली तर तेथे पांढरी रेघ उमटते. जोडणीच्या वेळी स्वयंसेवकांकडे बहुधा गाळलेले थंड पाणी आणि स्वच्छ भुगा पुरवण्याचे काम असते. ओट्याखाली पायांनी तुडवलेला भुगा त्यासाठी कधीही उचलू नये. त्यातली माती जोडात कायमची दिसत राहते.