नवी पेठेत फ्लॅट घ्यावा का? आधी किल्लीची गोष्ट ऐका

तुम्ही विचारलंय, आई-वडिलांसाठी पुण्यात नवी पेठेत शास्त्री रस्त्याजवळ जुना टू बीएचके बघतोय, पण 'एमपीएससीच्या पोरांनी पेठ पार बिघडवली' असं ऑफिसात सगळे सांगतात, तर तिथे कायमचे राहणारे कसे राहतात?

उत्तर देणार नव्हते. 'बिघडवली' वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली.

मी १९८६ साली लग्न होऊन बार्शीहून या पेठेत आले. तेव्हा इथे आमचा वाडा होता, घरात नऊ माणसं आणि टेबल एकच. त्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून मीही विक्रीकर निरीक्षकाची परीक्षा दोनदा दिली. दोन्ही वेळा नापास झाले. थोरले दीर तेव्हा म्हणाले होते, "वहिनींची नाटकं संपली असतील तर चहा टाका." अडतीस वर्षांनी मी त्याचा हिशेब कसा केला ते आता सांगते. फ्लॅटचं नंतर बघू.

वाडा २००९ मध्ये पाडला. आता पाच मजली इमारत आहे, खाली पार्किंग, आणि पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात वॉचमनसाठी बांधलेला संडास. वॉचमन परवडेना म्हणून काढला, कॅमेरे बसवले, संडासाला कुलूप लागलं. किल्ल्या दोन. एक चेअरमनकडे, म्हणजे त्याच थोरल्या दिरांकडे, आणि एक माझ्याकडे, कारण तेव्हा मी खजिनदार होते. भाऊजी स्वतः बावधनला राहतात. त्यांच्या इथल्या फ्लॅटमध्ये सहा कॉट आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९ ऑगस्ट २०२४ ला राखीपौर्णिमा झाली आणि २० तारखेच्या रात्री मुलं शास्त्री रस्त्यावर येऊन बसली. २५ ऑगस्टला राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती आणि त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा. दोन्हींची फी भरलेल्या मुलाने कुठे जायचं? शिवाय कृषी खात्याच्या २५८ जागा त्या परीक्षेत धरा, ही दुसरी मागणी. आमच्या गॅलरीतून निम्मा रस्ता दिसतो. हजारो मुलं, बहुतेकांच्या मनगटावर राख्या, त्यातल्या कितीतरी पोस्टाने आलेल्या असणार. मी या गल्लीतली आंदोलनं पाहत आले आहे. ११ मार्च २०२१ ला, परीक्षा तीन दिवसांवर असताना ती पुढे ढकलली, तेव्हाही हाच रस्ता भरला होता. पण मुक्काम ठोकून बसलेली मुलं मी पहिल्यांदाच बघत होते.

माझ्याकडे चार मुली भाड्याने कॉट घेऊन राहतात. रात्री साडेअकराला त्यातली एक वर आली. "काकू, खाली मुली बसल्यात, त्यांना जायची सोय नाही. सात-आठ जणी आहेत. आपल्याकडे आणू का?"

हॉटेलांची शटर पडलेली, अभ्यासिकांना कुलपं. या रस्त्यावर क्लासच्या यशस्वी विद्यार्थ्यांचे फ्लेक्स मोजायला बसलात तर दिवस जाईल, पण बाईमाणसाला जायला जागा विचाराल तर रात्री अकरानंतर एक नाही. हे मलाही तोवर सुचलं नव्हतं. मी किल्ली घेतली आणि खाली गेले.

संडासात दिवा नव्हता. ह्यांनी गॅलरीतला बल्ब काढून तिथे लावला, बादली-मग ठेवला, फिनेल ओतलं. सात-आठ म्हणता म्हणता एक वाजता रांग गेटापर्यंत गेली. नांदेडच्या, हिंगोलीच्या, एक तर आमच्या बार्शीजवळची निघाली, तिला मी भावाचं दुकान सांगितलं तर तिला ठाऊक! वसमतची एक थोराड मुलगी होती, चौथा प्रयत्न म्हणाली. तिने न सांगता मोबाईलची बॅटरी लावून रांगेचा ताबा घेतला. एकीला तीन मिनिटं, बाहेर आलीस की बादली भरून ठेव, आवाज नको, वर माणसं झोपलीत. कुणी मधे घुसली तर हात आडवा. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही, पण त्या रात्री माझ्या पार्किंगमध्ये तहसील कचेरी तिनेच चालवली आणि माझ्या बघण्यातल्या कुठल्याही कचेरीपेक्षा बरी चालवली.

दुसऱ्या रात्रीही तेच. २२ तारखेला आयोगाने परीक्षा पुढे ढकलली, रस्त्यावर शिट्ट्या आणि नाच. (ती परीक्षा १ डिसेंबरला झाली.) आणि त्याच सकाळी सात वाजता आमची टाकी कोरडी ठणठणीत. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा अंगाला साबण लावून बाथरूममध्ये अडकले. ते तिथून ओरडत होते ते मला चौथ्या मजल्यावर ऐकू येत होतं, आणि त्यांची चूक काहीच नव्हती. मी टँकर मागवला, बाराशे रुपये माझ्या पर्समधून दिले, आजोबांची माफी मागितली. माझ्या लेखी विषय संपला.

भाऊजींच्या लेखी सुरू झाला. ज्या रविवारी मुलांची परीक्षा व्हायची होती त्याच रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून आमची सभा झाली. ठराव एक: तळमजल्यावरचा संडास बाहेरच्या व्यक्तींना वापरू देऊ नये. ठराव दोन: खजिनदारांना पाचशे रुपये दंड. कारण बोलताना भाऊजी म्हणाले, "बाहेरच्यांना आत घेतलं की असंच होतं."

आता बाहेरचे कोण ते ऐका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माझ्या सासूबाई नारायण पेठेत भाड्याच्या घरात होत्या. घर नदीने नेलं. भाऊजी तीन वर्षांचे, आमचे हे वर्षाचे. महिनाभर इकडेतिकडे काढून सगळे या वाड्यात आले, ओळखीवर, दोन खोल्यांत. वाड्यात बिऱ्हाडं सात आणि मागे संडास दोन. सासूबाई सांगायच्या की वाड्याच्या मालकीणबाईंनी पहिल्या दिवशी भाड्याचा विषय काढला नाही, आधी विहीर दाखवली आणि संडास दाखवले. पुढे वीस-बावीस वर्षांनी मामंजींनी वाड्यातला हिस्सा विकत घेतला. भाऊजी आज चेअरमन आहेत ते त्या हिश्श्यावर.

मी सभेत एवढंच विचारलं, की त्या बाईंनी तेव्हा कुलूप लावलं असतं तर तुम्ही आज कुठल्या खुर्चीवर बसला असता? कुणी बोललं नाही. ठराव तरी मंजूर झालाच, पाच विरुद्ध तीन.

मग मी दुसरं विचारलं, ते मात्र विचारायला नको होतं असं ह्यांचं मत आहे. आपल्या घरात स्वतः राहणाऱ्याला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा 'घरात मीच राहतो' असं सांगणारे पीटी-३ अर्ज भरून घेतले होते. माझ्याकडे मुली आहेत म्हणून मी तो भरला नाही, पूर्ण कर भरते. सहा कॉटवाल्या फ्लॅटचा अर्ज कुणी भरला, असं विचारलं. तेव्हापासून भाऊजी आमच्याकडे गणपतीला येत नाहीत. हे ते वाचतील. वाचू देत.

तर 'पेठ बिघडवली' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे: पोरांनी नाही, आम्ही बिघडवली. पार्किंगमध्ये पत्रे ठोकून अभ्यासिका कुणी काढल्या? गच्चीवर प्लायवूडच्या खोल्या कुणी पाडल्या? एका हॉलमध्ये आठ कॉट टाकून दर कॉटचे साडेचार-पाच हजार कोण घेतं? पोरं तर गादीची गुंडाळी आणि पुस्तकांचं खोकं घेऊन येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुलं गावी गेली, तेव्हा ही गल्ली इतकी शांत झाली की म्हाताऱ्यांनी हौसेने फोटो काढले. दोन महिन्यांत मेसवाल्याने भांडी विकायला काढली, झेरॉक्सवाला गावी गेला, आणि शांतता हवी म्हणणारेच मुलांना फोन करायला लागले, "बाळा, भाड्याचं काय?" त्या मुलांचे बाप सोयाबीन विकून पैसे पाठवतात हो. आमच्याकडचे निम्मे हप्ते मराठवाड्याच्या पावसावर चालतात, हे पेठेत कुणी कबूल करत नाही.

मुलांचं सगळंच मला पटतं असंही नाही. २०२३ च्या सुरुवातीला वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहून काढायची, परीक्षा लगेच नको, २०२५ पासून घ्या म्हणून ते रस्त्यावर आले आणि आयोगाने ऐकलं. मला ते चुकीचं वाटलं. ज्याला पुढे जाऊन निकालपत्र लिहायचंय त्याला आधी चार पानं लिहिता यायला हवीत. आणि सहा-सहा, सात-सात वर्षं इथेच घालवणारी मुलं बघितली की मी तोंडावर सांगते, दोन प्रयत्न झाले की दुसरं काहीतरी हातात धर. माझं ऐकून एक मुलगी परतली, आता लातूरला शाळेत शिकवते. दोघींनी माझ्याकडची कॉट सोडली, असंही झालंय.

आता तुमचा फ्लॅट. इमारतीखाली किंवा तळघरात अभ्यासिका असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत राजिंदर नगरला तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन मुलं गेली, त्यानंतर मी आमच्या गल्लीतले जिने मोजून आले. बाहेर पडायला एकच वाट असलेल्या जागा डझनभर भरल्या. पाण्याची टाकी बघा, आणि सकाळी सातला जाऊन बघा, एजंट अकराला नेतो. वडील चारचाकी चालवत असतील तर पार्किंगचं कागदावर घ्या, तोंडी नको. वडिलांना मेट्रो लागणार असेल तर एस. एम. जोशी पुलावरून चालत पलीकडे गेलं की गरवारे कॉलेजचं स्टेशन. मी पासष्टीच्या अलीकडची बाई, मला पंधरा मिनिटं लागतात. मार्च २०२२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा वनाझपर्यंतच जायचं, आता पार रामवाडीपर्यंत जाता येतं. विसर्जनाच्या दिवशी मात्र अलका चौकाकडे काहीच हलत नाही, औषधं आदल्या दिवशी आणून ठेवायची.

आवाजाचं खरं सांगायचं तर अभ्यास करणाऱ्या मुलांचा होत नाही. ती सकाळी सातला खाली मान घालून जातात आणि रात्री अकराला तशीच येतात. त्रास आहे तो रात्री बाराच्या वाढदिवसांचा. भर रस्त्यात दुचाकीच्या सीटवर केक, फवारे, आणि मग फटाके. निकालाच्या दिवशी गुलाल गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत येतो. आईची झोप हलकी असेल तर रस्त्याकडची खोली त्यांना देऊ नका. हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं.

तुम्ही लिहिलंय, 'दुसरा मजला, पाच मजली, २००९ चं बांधकाम, जिन्याला हिरवी फरशी.' माझा अंदाज चुकला नसेल तर हा आमच्याच आजोबांचा फ्लॅट आहे, ते मुलाकडे नाशिकला चाललेत. तसं असेल तर किमतीत घासाघीस करा, पण घ्या. मी तो दंड अजून भरलेला नाही. दर तिमाहीच्या बिलात 'मागील येणे' म्हणून दिसतो आणि त्यावर भाऊजी २१ टक्क्यांनी व्याज लावतात. आजोबांनी तेव्हा ठरावाच्या बाजूने हात वर केला होता, साबणाच्या रागात. म्हणजे तुमचं मत इकडे आलं की चार-चार होतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तोवर सभासदत्वाचा अर्ज तेवढा करून टाका.