निकाल कसाही लागो, कंपनीच्या वकिलाची फी मीच भरायची?

प्रश्न : नमस्कार मॅडम, अंबड एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे, टर्निंगची कामं करतो. एका मोठ्या कंपनीने नवीन अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय, त्यात आहे की वाद होऊन मॅटर आर्बिट्रेशनला, म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडे गेलं तर निकाल कसाही लागो, त्यांच्या वकिलांची फी न सगळा खर्च मी द्यायचा. परचेसवाले म्हणतात सगळेच सही करतात. करू का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : थांबा दादा, एवढ्यात नको. सगळे सही करतात हे खरं असेलही, पण ते पान किती जणांनी वाचलं असतं विचारा!

गंमत म्हणजे हे कलम जसं लिहिलंय तसं टिकायचं नाही. १९९६ च्या लवाद कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३१अ आलं, त्यानुसार काहीही झालं तरी खर्च अमक्यानेच द्यायचा असं ठरवायचं असेल तर ते वाद उभा राहिल्यानंतरच ठरवता येतं, आधी लिहून घेतलेलं चालत नाही. मग खर्चाचं लवादच ठरवतो, आणि साधारणपणे हरणारा जिंकणाऱ्याला देतो. म्हणजे तुम्ही हरलात तर खिशाला चाट आहेच.

मला खरी भीती दुसऱ्याच कलमाची वाटते, ते बहुतेक पुढच्या पानावर असेल, इंडेम्निटी नावाचं. तुमचा पार्ट फेल झाला न तिसऱ्याच कोणी कंपनीवर दावा ठोकला तर नुकसानभरपाई, कोर्टाचा खर्च, वकील फी, शिवाय तडजोडीत दिलेले पैसेसुद्धा तुमच्याकडून वसूल होऊ शकतात, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२५ वाचा, आणि हे मात्र टिकतं. म्हणून त्यात घालून घ्या की दोष आमच्या कामाचा असेल तरच, दावा आला की कंपनीने आम्हाला लगेच लेखी कळवायचं, आमच्या संमतीशिवाय तडजोड नाही, फी वाजवी, आणि एकूण रकमेला मर्यादा, समजा वर्षभराच्या बिलिंगएवढी.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, नसेल तर आधी ती करा. पुढे बिलं अडकली तर सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, अ‍ॅग्रीमेंटमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी.

आणि हे सगळं परचेसवाल्यांशी फोनवर बोलत बसू नका, मेल टाका, त्यांच्या लीगलला सीसी ठेवून. बाकी काही नाही मानलं तरी मर्यादेच्या आकड्यावर अडून बसा.